साडेतीन किलो शिसं

पट्टा कटिंगच्या टेबलावर ठेवला होता आणि त्याच्याकडे न बघता सगळे दुसरीकडेच बघत होते.

रविवारची दुपार होती. शिलाईच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. तिघा भावंडांतला मधला आपल्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसून, पायडलवर पाय ठेवून, मशीन न चालवता नुसता पाय हलवत होता. धाकटी बहीण इस्त्रीच्या टेबलाला टेकली होती. मधल्याची सून तेवढी उभी होती, कारण आदल्या संध्याकाळी तो पट्टा तिच्याच हाताला लागला होता आणि तेव्हापासून तिला बसवतच नव्हतं.

काल थोरली बहीण, हातात कात्री असतानाच, खाली बसली होती, आणि बसली ती आडवीच झाली. जरा हवा लागावी म्हणून सुनेने तिच्या स्कर्टचा हूक काढला, तर आत जाड कॅनव्हासचा पट्टा. अठ्ठावीस कप्पे, प्रत्येक कप्प्यात सव्वाशे ग्रॅमची शिशाची चकती. वाऱ्याने उडू नयेत म्हणून पडद्यांच्या खालच्या पट्टीत घालतात त्या चकत्या. दुकानात पडद्यांचीही कामं होत, त्यामुळे चकत्यांचा डबा भरलेलाच असे. सुनेने स्वयंपाकघरातल्या काट्यावर पट्टा तोलला. साडेतीन किलो भरला. मग ती भिंतीला टेकून तशीच उभी राहिली, कारण तीन महिन्यांचा हिशेब तिच्या डोक्यात एकदम लागला होता.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर थोरलीला आठ डोस सांगितले होते. त्यातले चार झाले होते, पाचवा उद्या. दर वेळी सून तिला घेऊन जायची आणि दर वेळी आधी वजन व्हायचं. पहिल्याला बावन्न. दुसऱ्याला अठ्ठेचाळीस. तेव्हा तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की आणखी खाली गेलं तर डोस पुढे ढकलावा लागेल आणि नाकातून नळी घालावी लागेल. त्यानंतर थोरलीचं वजन कधी उतरलंच नाही. तिसऱ्याला अठ्ठेचाळीस, चौथ्यालाही अठ्ठेचाळीस. सून घरी येऊन कौतुकाने सांगायची, आत्यांनी जिद्द धरली आहे. जिद्द धरली होतीच, त्यात काही खोटं नव्हतं.

"उद्या डॉक्टरांना सगळं सांगायचं," सून म्हणाली.

"काय सांगायचं?" मधला म्हणाला. "माझ्या बहिणीने काट्याच्या डोळ्यांत धूळ फेकली म्हणून?"

"हो बाबा. तेच."

"आणि त्यांनी डोस थांबवला तर? चार डोस कसे काढलेत तिने, तू बघितलंयस ना? मग?"

"दादाचं बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "सांगायची काय घाई आहे? आठ दिवस तिला माझ्याकडे पाठवा. मी खायला घालते तिला. अरे, मी रोज डबा पाठवते, चार माणसांचा! आणि रोज रिकामा येतो. मग हे वजन जातं कुठे?"

मधल्याचा पाय थांबला. तो खाली मान घालून म्हणाला, "घड्याळवाल्याकडे."

"कोणाकडे?"

"शेजारच्या घड्याळवाल्याकडे जातो तुझा डबा. तीन महिन्यांत दोनदा पँटची कंबर सैल करून घेतली त्याने माझ्याकडून. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

धाकटीला रडावं की हसावं कळेना, म्हणून ती आधी घड्याळवाल्यावर चिडली. आपण केलेलं अन्न तो मेला मिटक्या मारत खातो आणि रस्त्यात भेटला तर साधं हसतही नाही, असं ती म्हणाली. मग तोंडावर हात ठेवून तिने रडून घेतलं.

मधला मात्र एक गोष्ट बोलला नव्हता. घड्याळवाल्याच्या वाढत्या कंबरेचा अर्थ त्याला लागला नसेल, पण बहिणीची घटती कंबर त्याने स्वतःच्या हाताने शिवली होती. दर शनिवारी दुकान आवरताना थोरली आपले दोन ब्लाउज आणि दोन स्कर्ट त्याच्यापुढे टाकायची. "मधल्या, आत घे रे जरा. ढगळ कपड्यात मी बुजगावण्यासारखी दिसते." तो आत घ्यायचा. आधी अर्धा इंच, मग पाऊण. कापूस भरलेले खांद्याचे पॅड त्यानेच बसवले, गळ्याचं हाड दिसू नये म्हणून कॉलर त्यानेच वर चढवली. त्या घराण्यात माणसाची तब्येत चेहऱ्यावरून बघायची सवयच कोणाला नव्हती. कपडा अंगावर नीट बसला की माणूस ठीक आहे, असं तिघंही लहानपणापासून धरून चालत आलेली. थोरलीचे कपडे तर कायम बेतल्यासारखे बसत. ज्याने ते बसवले त्यालाही मग बरं वाटायचं, की बसलेत म्हणजे ताई तशीच आहे.

"ताईला झोप लागली असेल ना?" धाकटीने विचारलं.

"नाही लागली," आतल्या दारातून थोरली म्हणाली. "माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्यासमोर बोला. मागून बोलायला मी काही गिऱ्हाईक नाही."

ती चौकटीला धरून उभी होती. अंगात झोपायचा साधा गाऊन, तोही जुना, आजारापूर्वीचा. तो मधल्याच्या हाताखालून गेलेला नव्हता. धाकटीने तिला त्या कपड्यात तीन महिन्यांत पहिल्यांदा बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं, की गाऊनमध्ये आणखी एक बाई सहज मावेल.

थोरली येऊन टेबलाशी बसली. पट्टा उचलून तिने एक टाका नखाने तपासला, सवयीने.

"तिसऱ्याला सोळा चकत्या लावल्या होत्या," ती म्हणाली. "चौथ्याला बावीस. उद्यासाठी अठ्ठावीस. काल नुसती तालीम करत होते, चालताना खुळखुळ होतेय का बघायला. तालमीतच पडले."

"आत्या, पण का?" सून म्हणाली.

"नळी नको म्हणून. तू आमच्या आईला पाहिलं नाहीस. ह्या दोघांना विचार."

दोघांना विचारायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी, ह्याच दुकानाच्या मागच्या खोलीत, आईच्या नाकात नळी होती आणि तिने ती उपसून काढू नये म्हणून हात मऊ फडक्याने पलंगाला बांधलेले होते. पाच आठवडे. फडकी ह्या तिघांनीच शिवून दिली होती, कडा टोचू नयेत म्हणून दुमडून. त्याबद्दल घरात पुन्हा कधी कोणी बोललं नव्हतं.

"आणि डोस मला पुरे आठ हवेत," थोरली म्हणाली. "अर्धवट शिवलेला कपडा मी कधी कोणाला दिला नाही. हेही काम पुरं करायचं. ते थांबवतील म्हणून मी काट्याला शिसं दाखवलं. माझं चुकलं असेल, पण मी कोणाचं वाईट केलं नाही."

सून ह्या घरात येऊन चारच वर्षं झाली होती, आणि थोरलीपुढे तोंड उघडायला मधलासुद्धा दोनदा विचार करायचा. पण ती बोलली.

"आत्या, औषध वजन बघून ठरवतात. तुमची उंची आणि वजन मांडून किती द्यायचं ते काढतात. तुमचं अंग साडेचव्वेचाळीस किलोचं, आणि उद्याचं औषध ते अठ्ठेचाळीस किलोच्या बाईचं देणार होते. मागच्या दोन वेळा तसंच दिलंय."

थोरलीने पट्टा खाली ठेवला.

"म्हणजे मी खोटं माप दिलं," ती म्हणाली.

"आत्या, मला तसं..."

"नाही, तसंच. मी त्यांना खोटं माप दिलं आणि त्यांनी त्यावर कापलं." ती आपल्या हातांकडे बघत राहिली. चाळीस वर्षं ह्या बाईने दोनदा मोजल्याशिवाय एकदाही कात्री लावली नव्हती. गिऱ्हाइकाने पोट आत ओढून धरलं तर ती टेप तसाच धरून, ते श्वास सोडेपर्यंत हसत उभी राहायची. डॉक्टरांचा राग, नळीचं भय, भावाबहिणीचं रडणं, ह्यातलं काही तिला हलवू शकलं नव्हतं. ह्या एका गोष्टीने तिला लाज वाटली, आणि ती लाज लपवायची तिला गरज वाटली नाही, हे धाकटीकडून ऐकल्यापासून मला त्या बाईचं मोठेपण वाटतं.

मग मधला उठला. खणातून त्याने मापांची वही काढली आणि शेवटची पानं उघडून टेबलावर ठेवली. दर शनिवारची तारीख होती. छाती, कंबर, दंड, खांदा. कंबर एकतीसवरून साडेसव्वीसवर आलेली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी हाताच्या सवयीने त्याने ते लिहून ठेवलं होतं, आणि लिहिलेलं स्वतःलाही दाखवलं नव्हतं.

"ही पण घेऊन जा उद्या," तो सुनेला म्हणाला. "नाहीतर असं कर, मीच येतो."

"मी पण," धाकटी म्हणाली.

"लग्नाला निघालोय का आपण?" थोरली म्हणाली, पण नको म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टा बघून डॉक्टर चिडले. आवाज न चढवता, पण चिडले. डोस दहा दिवस पुढे गेला. मग त्या चौघांना त्यांनी कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

धाकटीने मनात ठरवून टाकलं होतं, की ही बाई आपल्याला स्वयंपाक शिकवायला लागली तर ऐकून घ्यायचं नाही. बाई तिशीच्या असतील. टेबलावर खोट्या फळांची परडी वगैरे काही नव्हतं, एक काटा होता आणि झाकणाच्या लहान वाट्या. त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाल्या, "टाके किती बारीक आहेत! हातशिलाई?"

"हातशिलाई," थोरली म्हणाली, आणि त्या दोघींचं तिथेच जमलं.

मग त्यांनी मापांची वही पानापानाने वाचली. "असं काम आमच्याकडेही कोणी करत नाही," त्या मधल्याला म्हणाल्या. "दंडाचं माप दर आठवड्याला! वजनात पाणी असतं, सूज असते. दंड मात्र स्नायू किती गेला ते सांगतो." मधला तीन महिन्यांत पहिल्यांदा ताठ बसला.

"आता मला सांगा, जेवण कसं लागतं?"

थोरलीने धाकटीकडे बघितलं.

"खरं सांग," धाकटी म्हणाली. "आता माझं मन राखू नकोस."

"सगळं लोखंड लागतं. तोंडात टाचण्या धरल्यासारखं. आणि हिच्या डब्याचं झाकण उघडलं की त्या वासानेच पोटात ढवळतं. चार घास मोठ्या नेटाने खाल्ले तरी पुढे एवढा ढीग दिसतो. तो बघूनच पोट भरतं."

धाकटीचा चेहरा पडला. तिने आयुष्यभर माया दाखवायची म्हणजे भरपूर वाढायचं, एवढंच केलं होतं.

"तुमचं काही चुकलेलं नाही," बाई तिला म्हणाल्या. "औषधाने चवच बदलते, आणि पोट लवकर भरतं. आपण उलट करू. ताट नाही, ही वाटी. दर दोन तासांनी. स्टीलचा चमचा नको, लाकडाचा घ्या, लोखंडाची चव कमी होईल. गरम नको, गारच द्या, गार पदार्थाला वास कमी येतो. अंडं, दूध, दही, पीनट बटर, जे जाईल ते, पण पहिला घास त्याचा. पाणी नंतर. आणि 'एवढं तरी खा' हे वाक्य घरात कोणी उच्चारायचं नाही."

"मग मी बोलायचं काय?" धाकटी म्हणाली.

"दुसरं काहीही."

त्या दहा दिवसांत त्या घराने जे केलं ते बघायला मी हवा होतो असं नेहमी वाटतं. धाकटीने स्वयंपाक दोन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या घरी हलवला, म्हणजे दुकानात वास नको. उकडलेला बटाटा आणि अंडं कुस्करून, गार करून, ती एवढ्याशा वाटीत आणायची, वाटी टेबलावर ठेवायची आणि एकदम घड्याळवाल्याच्या निंदेला सुरुवात करायची. दुसरं काहीही बोलायचं म्हणजे तिने ते मनावर घेतलं होतं. घड्याळवाला अपराधी चेहऱ्याने सकाळी केळी आणून द्यायचा. सून केळं दुधात घोटून बर्फात ठेवायची, तोंडातल्या फोडांना ते गार बरं वाटे. मधला आपलं काम सोडून दर दोन तासांनी येऊन शेजारी बसायचा आणि त्याच वेळी त्याच वाटीतलं तेच खायचा. त्याला अंडं मुळीच आवडत नसे.

आणि थोरली. ती अंगावर घेतलेल्या ऑर्डरसारखी खायची. दिवसाला आठ वाट्या. तोंडातल्या फोडांमुळे एक घास घोळवायला पाच मिनिटं लागत. कधी सगळं उलटून पडे. मग ती चूळ भरायची, तोंड पुसायची, खुर्ची पुढे ओढायची आणि म्हणायची, "आण पुन्हा." एकदा धाकटीने दारामागून मोजलं, एका दुपारी ती तीनदा पुन्हा बसली. धाकटी मला म्हणाली होती, की ताईला चाळीस वर्षं हजारो वार कापड कापताना बघितलंय, पण हिच्याएवढा चिवट माणूस आपल्या घरात जन्माला आलाय हे त्या दुपारीच कळलं.

अकराव्या दिवशी काटा सगळ्यांसमोर होता. थोरली चपला काढून वर चढली. चव्वेचाळीस किलो तीनशे.

म्हणजे दोनशे ग्रॅम कमीच.

धाकटीला ते आधी समजलं नाही. तिने आकडा पुन्हा वाचला. मग ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी कमी पडले."

"कोणी कमी पडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही हे केलं नसतं तर दोन किलो गेले असते. मी असं घर फार कमी वेळा बघते. पण औषधाने जेवढं जातंय तेवढं नुसत्या तोंडाने भरत नाहीये." त्या थोरलीकडे वळल्या. "मी तुम्हाला पुन्हा नळीचं विचारणार आहे. बारीक असते. तोंडाने खाणं चालूच ठेवायचं. काही आठवडे, अंगात जरा ताकद येईपर्यंत. मग राहिलेले डोस घेता येतील. तुम्ही नाही म्हणालात तर मी घालणार नाही, दुसरं काही करून बघू, पण मला खरं विचाराल तर घालून घ्या."

"ताई, नको," मधला एकदम म्हणाला. "आपण दहा वाट्या करू. बारा करू. मी सगळं काम बंद ठेवतो."

दहा दिवसांपूर्वी सूनच सगळ्यांविरुद्ध बोलली होती, पण आज तिला सासऱ्यांना विरोध करवेना. धाकटीने थोरलीचा हात धरला. त्या खोलीत तिघा भावंडांपुढे मागची खोली उभी होती, पलंग आणि ती दुमडलेली फडकी.

थोरलीने विचारलं, "काढा म्हटलं तर काढाल?"

"तुम्ही म्हणाल त्या क्षणी."

"रात्री-अपरात्री म्हटलं तरी?"

"तरी. मी तुमच्या भावाला शिकवून ठेवते."

थोरली म्हणाली, "घाला."

"ताई!" मधला म्हणाला. "आईचं आठव."

"तेच आठवतेय रे. आईला कोणी विचारलं नव्हतं. आपण तिघंही नाही. मला विचारलंय."

मधला दोन पावलं मागे सरकला आणि मग नर्सने येऊन थोरलीभोवती पडदा ओढला.

पडद्याच्या अलीकडे मधला, धाकटी आणि सून उभी राहिली. आत नर्सने थोरलीला ताठ बसवलं आणि सांगितलं, की नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घ्यायचंय, नळी तेवढीच आत जाते.

"टेप ढिला धरलाय तुम्ही," थोरलीचा आवाज आला. "कानाशी दाबा. हं. आता खाली आणा. ओढू नका, नुसता टेकवा. किती?"

नर्सने आकडा सांगितला.

"पुन्हा घ्या."

नर्सने पुन्हा घेतलं. तेवढंच आलं.

"मग बरोबर आहे. चला."

आता पाण्याचे घोट घ्यायचे, असं नर्स म्हणाली. नळी घशाशी आली की गिळायचं, थांबायचं नाही, जेवढ्या वेळा सांगेन तेवढ्या वेळा. एक ठसका आला, मग दुसरा, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज. मधल्याने सुनेच्या खांद्याचा आधार घेतला.

"थांबू का?" नर्सने विचारलं.

"नाही," थोरली म्हणाली.

"मग गिळा."

पडद्याबाहेर मधल्याने गिळलं. धाकटीने गिळलं. सुनेनेही, नकळत. आतून पेला तोंडाला लागल्याचा आवाज आला आणि थोरलीने गिळलं.